एक बाटली आणि चार डोकी

पत्र थोडक्यात

नागपूरच्या मानेवाडा भागातल्या ५६ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलं आहे. दोन वर्षांपूर्वी महालातलं जुनं घर सोडून त्या इकडे फ्लॅटमध्ये राहायला आल्या. तेव्हापासून इथल्या बोअरच्या पाण्यानं घरात सगळ्यांचेच केस गळतात, असं त्यांचं म्हणणं. मुलगा ३१ वर्षांचा, मिहानमध्ये नोकरीला. त्याच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे गेले होते, टाळूवर विरळ झालं होतं. त्यानं ऑनलाइन एक लोशन मागवलं, ५ टक्के मिनॉक्सिडिल आणि ०.१ टक्का फिनास्टेराइड असलेलं. आठ-नऊ महिन्यांत चांगला फरक पडला. सून बाळंत होऊन चार महिने झाले, बाळ अंगावर पितं. "तिचे मूठमूठ केस निघून राहिले, पण तेच औषध लाव म्हटलं तर ऐकत नाही." ताईंचा स्वतःचा भांग रुंद झाला आहे. त्यांनी मुलाची बाटली लावून पाहिली, पण पंधरवड्यात केस जास्तच गळू लागले, कपाळाला खाज सुटली, म्हणून सोडून दिली. सुटीत वर्ध्याहून आलेल्या लेकीच्या सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा गोल चट्टा आहे. 'चाई' समजून त्यावर लसूण घासला, तर फोड आले. ताईंना विचारायचं आहे: चौघांनाही चालेल असं खात्रीचं औषध कोणतं? सुनेला कसं समजवायचं? आणि मुलगा म्हणतो हे आता जन्मभर लावावं लागेल, मग सुरूच कशाला केलं?

उत्तर

ताई,

सुनेला समजवू नका. ती बरोबर आहे. तिनं ती बाटली हातातही घेऊ नये.

त्या लोशनमध्ये दोन औषधं आहेत. फिनास्टेराइड हे बाळंतपणाच्या वयातल्या बाईनं वापरायचं औषध नाही. गर्भ राहिला आणि पोटात मुलगा असेल, तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत त्यामुळे दोष येऊ शकतो. दुसरं मिनॉक्सिडिल. ते गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना लावायचं नसतं, कारण त्वचेतून थोडं रक्तात जातं आणि रक्तातून दुधात उतरू शकतं. तुमची सून हे कुठे वाचून म्हणते की तिला नुसतीच शंका आली, हे पत्रातून कळत नाही. पण या बाबतीत घरातलं सगळ्यात शहाणं माणूस तीच आहे.

आणि तिला औषधाची गरजच नाही. गरोदरपणात हार्मोन्समुळे केस वाढीच्या अवस्थेतच रेंगाळतात, रोज गळायचे तेवढेही गळत नाहीत. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात वेणी छान जाड होते. बाळंतपणानंतर हे सगळे राहून गेलेले केस एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ही अवस्था साधारण तीन महिन्यांची, आणि ती संपली की ते सुटतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात न्हाताना मूठभर केस हाती येणं हे अगदी वेळापत्रकाप्रमाणे चाललं आहे. बाळाचा पहिला वाढदिवस येईपर्यंत बहुतेकींचं हे आपोआप थांबतं आणि कपाळाजवळ बारीक उभे केस दिसू लागतात. मूळ शाबूत असतं. तिथे लोशन लावून काय साधणार?

डेंगी, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, लग्नाआधी केलेलं उपासमारीचं डाएट, या सगळ्यांनंतर दोन-तीन महिन्यांनी असेच केस जातात. आपल्याकडे पावसाळ्यानंतर डेंगीची साथ येते आणि दिवाळी उलटून गेली की बाया गुंतवळ कागदात बांधून दवाखान्यात आणतात. ताप केव्हाचा विसरलेला असतो. तेव्हा अचानक, सगळ्या डोक्यावरून सारखे केस गळायला लागले, तर आधी तीन महिने मागे जाऊन आठवा. कारण सहसा तिथे सापडतं आणि ते बाटलीनं जात नाही.

सुनेसाठी तीन तपासण्या मात्र करून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, आणि थायरॉइडचं टीएसएच. ती बायोटिनच्या गोळ्या घेत असेल तर रक्त देण्याआधी तीन दिवस बंद ठेवायला सांगा, कारण बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात. अळिवाचे लाडू तुम्ही करतच असाल, जरूर द्या. फक्त फेरिटिन खाली असेल तर लाडवांवर भिस्त नको, लोहाची गोळी लागेल.

आता जे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते लोशन लावणारा मुलगा चार महिन्यांच्या बाळाचा बाप आहे. बाळ त्याच्या खांद्यावर झोपत असेल, त्याचे केस धरत असेल, तोच हात तोंडात घालत असेल. स्पेनमध्ये तान्ह्या बाळांच्या पाठीवर, मांड्यांवर अचानक दाट लव उगवल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. शोध घेतल्यावर कारण निघालं घरातल्या मोठ्या माणसाच्या डोक्यावरचं मिनॉक्सिडिल. संपर्क थांबवल्यावर काही महिन्यांत ती लव गेली. पण या औषधाचा परिणाम हृदयावर आणि रक्तदाबावरही होऊ शकतो, म्हणून युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०२४ मध्ये त्याच्या माहितीपत्रकात हा इशारा घालायला लावला. तेव्हा त्यानं लोशन लावल्यावर हात साबणानं धुवायचे, डोकं पूर्ण वाळेपर्यंत बाळाला घ्यायचं नाही, रात्री झोपायच्या निदान दोन तास आधी लावायचं आणि उशीचा अभ्रा वेगळा ठेवायचा. बाळ शेजारी झोपत असेल तर टोपी घालायची. बाटली वरच्या फडताळात. घरात मांजर असेल तर तिच्यापासूनही दूर, कारण मांजरांना मिनॉक्सिडिलचा थोडासा अंशही जीवघेणा ठरू शकतो.

मुलाचं दुखणं वेगळं आहे. कपाळाचे कोपरे मागे जाणं आणि टाळू विरळ होणं हा आनुवंशिक टक्कल पडण्याचा नेहमीचा नकाशा. पुरुषी हार्मोनपासून बनणारं डीएचटी नावाचं द्रव्य ठरावीक जागच्या मुळांना हळूहळू बारीक करत जातं. जाड केसाच्या जागी पातळ, मग लव, मग काहीच नाही. हा वारसा आई आणि बाप दोघांकडूनही येतो. "आमच्याकडे कुणालाच नाही" असं नागपुरातली प्रत्येक आई सांगते आणि शेजारी बसलेले वडील टोपी काढतात.

या प्रकारावर मिनॉक्सिडिल खरंच काम करतं. मुळात ती रक्तदाबावरची गोळी. घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, हातांवर केस वाढू लागले, तेव्हा तेच लोशनच्या रूपात आणायची कल्पना सुचली आणि १९८८ मध्ये अमेरिकेत डोक्यावर लावायचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली. ते मुळाची वाढीची अवस्था लांबवतं. डीएचटीला मात्र हात लावत नाही. फिनास्टेराइड डीएचटी कमी करतं, म्हणून दोन्ही एकत्र विकतात.

फिनास्टेराइडबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नव्हे, मग ते गोळी असो की लोशन. लोशन आहे म्हणजे फक्त डोक्यावरच काम करतं, हा गैरसमज आहे. काहींना लैंगिक इच्छा कमी होणं, मन उदास राहणं असे त्रास होतात, आणि फिनास्टेराइडची अशी मिश्रणं लावणाऱ्यांकडून आलेल्या तक्रारींवरून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, २०२५ च्या एप्रिलमध्ये इशाराही दिला. तुमच्या मुलाला काही त्रास नसेलही. पण हे प्रश्न आई विचारू शकत नाही आणि ऑनलाइन दुकान विचारत नाही. त्यासाठी त्यानं एकदा त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन बसावं. घरात तान्हं बाळ आहे तोवर फक्त मिनॉक्सिडिलवर भागवता येईल का, हेही तिथेच ठरवावं.

राहिला 'जन्मभर'चा प्रश्न. हो, सोडलं तर जे राखलं आणि जे उगवलं ते तीन ते सहा महिन्यांत जातं, आणि औषध लावलं नसतं तर जिथे पोचला असता तिथे तो पोचतो. लोक याला 'सवय लागली', 'आणखी वाटोळं झालं' असं म्हणतात, पण त्याहून वाईट काही होत नाही. ताई, तुम्ही रक्तदाबाची गोळी रोज घेता असं पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. तिथे 'जन्मभर' तुम्हाला बोचत नाही. फरक इतकाच की रक्तदाब सोडून देता येत नाही आणि टक्कल सोडून देता येतं. त्याला उद्या कंटाळा आला, डोकं तासून मोकळं व्हावंसं वाटलं, तर तोही निर्णय चांगला आहे. त्याचं लग्न झालं आहे, नोकरी आहे, बाळ आहे. केसांसाठी तो एवढा झटतो ते स्वतःला आवडतं म्हणून की ऑफिसात कोणी टोमणे मारतं म्हणून, हे एकदा विचारून पाहा. आणि हेल्मेटमुळे केस जातात हे त्याच्या डोक्यात असेल तर काढून टाका. वर्धा रोडवरून बाईक चालवायची तर हेल्मेट हवंच.

आता तुमच्याकडे वळते. पुढची कपाळाची रेघ तशीच आणि भांग मात्र दरवर्षी रुंद, ही बायकांमधल्या आनुवंशिक विरळपणाची खूण. पाळी गेल्यावर तो जास्त दिसू लागतो. म्हणजे घरातल्या चौघांपैकी मिनॉक्सिडिल खरोखर लागू पडेल अशा दुसऱ्या तुम्ही, आणि नेमकं तुम्हीच ते पंधरवड्यात सोडलंत!

सुरुवातीला केस जास्त गळणं हे या औषधाचं ठरलेलं वागणं. विश्रांती घेणारे केस ढकलून ते नवीन फेरी सुरू करतं. दुसऱ्या आठवड्यापासून दीड-दोन महिन्यांपर्यंत हे चालतं, मग थांबतं. दुकानदार हे सांगत नाही, म्हणून बहुतेक बाटल्या अर्ध्यावरच कपाटात पडतात. चार महिन्यांआधी काहीच दिसत नाही आणि खरा हिशेब वर्षानं करायचा. खाज मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. लोशनमध्ये प्रोपिलीन ग्लायकॉल नावाचा द्रव असतो, तो अनेकांना चावतो. फेसाच्या रूपात येणाऱ्या मिनॉक्सिडिलमध्ये तो नसतो. बायकांना ५ टक्क्यांचा फेस दिवसातून एकदा किंवा २ टक्क्यांचं लोशन दोनदा, असं सहसा देतात. जास्त लावलं म्हणून जास्त केस येत नाहीत, गालांवर लव मात्र येऊ शकते. तुमच्या हृदयाची आणि रक्तदाबाची माहिती डॉक्टरांना आधी सांगा. मुलाचं फिनास्टेराइडवालं लोशन तुम्ही आपण होऊन वापरू नका.

लावायची पद्धतही सांगते, कारण बरेच जण केसांना लावतात. औषध डोक्याच्या कातडीला लागलं पाहिजे. डोकं कोरडं हवं. भांग पाडायचा, त्या रेघेत थेंब सोडायचे, बोटानं पसरवायचे, शेजारी पुन्हा भांग. एका वेळी एक मिलिलिटर पुरतं. मग चार तास पाणी नाही, तेल नाही.

तेलावरून आठवलं. तुम्ही रोज रात्री तेल थापता आणि कोंडा आहे असंही लिहिता. कोंड्यातल्या बुरशीला हेच तेलकट द्रव्य खायला लागतं. खोबरेल केसाला चांगलं आहे, त्यानं केसातलं प्रथिन कमी झिजतं, केस तुटत नाही. पण ते केसाचं रक्षण आहे, मुळाचं औषध नव्हे. न्हाण्याआधी तासभर केसांच्या लांबीला लावा, कातडीवर मुरवत ठेवू नका. कोंड्यासाठी २ टक्के किटोकोनॅझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा, महिनाभर. खाज असलेल्या डोक्यावर मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू करण्याआधी हे करा.

नातवाचं मात्र मला घाईचं वाटतं. लसणानं कातडी भाजली आहे. आता त्यावर काही घासू नका: कांदा नाही, गुंजेचा लेप तर मुळीच नाही, गुंजेचं बी विषारी आहे. आणि घरात असलेली ती नेहमीची स्टेरॉइडची ट्यूबही नाही. लहान मुलाच्या डोक्यावरच्या गोल चट्ट्यामागे मुख्यतः दोन शक्यता असतात आणि दोघींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. चट्टा गुळगुळीत, चकचकीत, पापुद्रा नाही, खाज नाही, असं असेल तर ती चाई. किडा वगैरे काही लागत नाही. शरीराची संरक्षण यंत्रणाच चुकून मुळांवर उठते. एकदोन चट्टे कितीदा तरी वर्षभरात आपोआप भरतात. नाही भरले तर लहान मुलांना स्टेरॉइडचं मलम देतात, मोठ्यांना चट्ट्यात बारीक इंजेक्शनं. पण चट्ट्यावर पापुद्रे असतील, केस मुळाशी तुटून काळे ठिपके दिसत असतील, मानेत गाठ लागत असेल, तर तो डोक्यातला नायटा. त्यावर स्टेरॉइड लावलं की तो दबल्यासारखा दिसतो आणि आतून पसरतो. बुरशीनाशक मलमंही इथे पुरत नाहीत, कारण बुरशी केसाच्या आत मुळापर्यंत गेलेली असते. पोटातून गोळ्याच घ्याव्या लागतात, त्याही काही आठवडे, आणि त्या न घेता चट्टा सुजून पिकला तर तिथे कायमचं टक्कल राहू शकतं. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की दोन्हींतला फरक कळतो. तोवर त्याचा कंगवा, टॉवेल, टोपी वेगळी ठेवा.

पाण्याचंही सांगते, कारण तुम्ही सगळं खापर त्याच्यावर फोडलं आहे. बोअरचं जड पाणी केस कोरडे करतं, ते तुटतात. मुळातून पाडत नाही. गळलेला केस उजेडात धरून पाहा: टोकाला पांढरा दाणा असेल तर तो मुळातून सुटला, नसेल तर मधेच तुटला. तुम्ही बुलढाण्याची आठवण काढली आहे. तिथे शेगाव तालुक्यातल्या गावांत २०२४ च्या शेवटी आणि २०२५ च्या जानेवारीत लोकांना बघता बघता टक्कल पडलं, तेव्हाही पहिला संशय पाण्यावरच गेला होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्ताचे, गव्हाचे नमुने तपासून रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्या लोकांना कोणतंही लोशन लावून उपयोग नव्हता. तुमच्या घरात चौघांचं चार तऱ्हांनी, वेगवेगळ्या वेळी झालंय, तेव्हा एकच कारण शोधू नका. मात्र एक लक्षात ठेवा: केसांसाठीच्या कितीतरी गोळ्यांमध्ये सेलेनियम असतं, आणि ते जास्त झालं की केसच गळतात. दोन-तीन प्रकारच्या गोळ्या एकदम कुणी घेत असेल तर थांबवा.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. रोज घट्ट पोनीटेल किंवा ताणून अंबाडा बांधणाऱ्या मुलींचे कानशिलाजवळचे केस जातात. तिथे औषधाआधी रबर सोडा, लवकर सोडलं तर परत येतात. आणि डोक्यात जळजळ, लाली, पू असेल, किंवा टक्कल पडलेल्या जागी केसांची छिद्रंच दिसेनाशी होऊन कातडी गुळगुळीत झाली असेल, भुवयाही विरळ होत असतील, तर वरचं काहीही करून वेळ घालवू नका. त्या प्रकारात मूळ कायमचं मरतं, आणि उरलेलं वाचवायला महिनेच हातात असतात. चौकाचौकांतल्या फलकांवरच्या 'हेअर पॅकेज'मध्ये पैसे भरण्याआधीही निदान करून घ्या. निदानाआधी पॅकेज सांगणाऱ्या ठिकाणाहून मी तरी उठून आले असते.

धंतोली-रामदासपेठेत त्वचारोगतज्ज्ञ पुष्कळ आहेत. खर्चाची काळजी असेल तर मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना डोक्याला तेल नको, कलप नको. मुलानं बाटली आणि औषध सुरू करण्याआधीचे फोटो न्यावेत. तुम्ही आजच खिडकीपाशी उभं राहून भांगाचा एक फोटो काढून ठेवा, दर महिन्याला त्याच उजेडात तसाच काढा. आरशाला फरक कळत नाही, फोटोला कळतो.

नातवाला याच आठवड्यात न्या, लेक वर्ध्याला परतायच्या आत, आणि लसूण लावला होता हे न लाजता सांगा. मुलाला बाळाची काळजी आज रात्रीपासून घ्यायला लावा, त्याची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात झाली तरी चालेल. तुमचं कोंड्याचा महिना संपल्यावर. सुनेचं रक्त तपासून घ्या आणि तिला दुपारी दोन तास झोपू द्या, बाळ तुम्ही सांभाळा.